कानांवरच्या वाट्या

सख्ख्या आतेलाही लग्नाचं आवतण द्यावं लागतं, हे विश्वजीत घरतांना माहीत होतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेलं चालत नाही, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. लेकीच्या, समृद्धीच्या लग्नाची तारीख ठरली त्या संध्याकाळी त्यांनी ती 'घरत परिवार' या ग्रुपवर गुलाबाच्या फुलांसकट टाकली, खाली 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' असं लिहिलं, आणि पटापट उगवलेले अंगठे पाहून ते निर्धास्त झाले. गोदूआतेचा अंगठा त्यात नव्हता. तिच्याकडे बटणांचा फोन होता आणि तो दिवसभर तांदळाच्या डब्यावर पडलेला असे.

आता गोदूआते नुसती आते असती, तर गोष्ट रुसव्यावर भागली असती. पण ती धवलारीण होती. आगरी माणसाच्या घरी लग्न म्हटलं की हळद लागताना धवला लागतो. देवांना, पितरांना, घरच्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावणारं गाणं. ते गाणाऱ्या बायका आता पनवेलच्या आसपास बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचजणी दम लागल्यामुळे दोन नावांमध्ये पाणी पितात. गोदूआते पाणी पीत नसे. तिला बोलवायचं तर पानसुपारी घेऊन दारात जायचं, हा रिवाज. सुपारी आधी ज्याची, धवला त्याचा.

विश्वजीतराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन पळस्प्याच्या पुढे आतेच्या गावी गेले, तेव्हा पत्रिकाही छापून आल्या होत्या. ते एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम पाहत. तिथे त्यांची भाषा साजूक तुपातली असे, पण गाव आलं की ती आपोआप उतरत असे.

“आते, तारीख ठाऊक हाय ना?”

“कनाची तारीख?”

“समृद्धीच्या लग्नाची.”

“असं? समृद्धीचं लगीन हाय?” आतेनं असं विचारलं खरं, पण तिला वराच्या चुलत्याच्या जावयापर्यंत सगळं ठाऊक होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “त्या दिवशी मी उरणला हाय. तांडेलांच्या पोरीचं लगीन. हलदीपासून मी तिकडंच. त्यांनी सुपारी दिलीय.”

“आगो, पन तू घरची ना!”

“म्हनून तर घरात बसून वाट बगत व्हती. सुपारी कोन आनतंय ते.”

पेढे तिनं शेजारच्या घरात पाठवून दिले.

घरी आल्यावर विश्वजीतरावांनी ही बातमी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितली. समृद्धीनं ती ऐकून घेतली आणि त्याहून सौम्य शब्दांत आपलं म्हणणं सांगितलं. तिनं लग्नात काही मागितलं नव्हतं. ना संगीत, ना ड्रोन, ना धुरातून प्रवेश. तिला फक्त आतेआजीचा धवला हवा होता, कारण लहानपणी सुट्टीत गावी गेली की ती त्याच चालीवर झोपत असे. “धवला नसेल तर मी हळद लावून घेणार नाही, पप्पा. कोरडीच उभी राहीन बोहल्यावर.” ती एका बँकेत कर्ज नाकारायच्या विभागात होती, त्यामुळे तिच्या 'नाही'त वाटाघाटींना जागा नसे.

“तुम्हाला मी दहादा म्हटलं, आधी आत्यांकडे जाऊन या,” प्राजक्ताताई म्हणाल्या. नवऱ्याला बायकोनं दहादा सांगितलेली गोष्ट अकराव्यांदा ऐकताना कसं वाटतं, हे इथे सांगायची गरज नाही.

मग विश्वजीतरावांना तोडगा सुचला. आते येत नाही तर तिचा आवाज आणायचा. रेकॉर्डिंग! ते दुसऱ्याच दिवशी फोन घेऊन पुन्हा गावी गेले. आतेनं फोनकडे असं पाहिलं, जणू त्यांनी तिच्यापुढे पाटी धरून तिला बाराखडी म्हणायला सांगितली होती.

“हितं? मांडव नाय, नवरी नाय. देवांना बोलवायचं आन ते आयले की काय सांगायचं? सहज बोलावलं?”

शेवटी तीच म्हणाली की पुढच्या आठवड्यात गावातच काशिरामच्या पोराची हळद आहे, तिथे ती गाणार आहे, तिथे काय करायचं ते कर.

काशिराम विश्वजीतरावांचा चुलतभाऊ. त्याच्याकडे हळदीला नीलेशचा डीजे होता. नीलेशचा डीजे सुरू झाला की गावातल्या फडताळातल्या बशा आपली जागा सोडून दुसरीकडे राहायला जात. विश्वजीतरावांनी काशिरामला विनंती केली, धवला होईपर्यंत डीजे बंद ठेव. काशिरामनं डोळे मोठे केले. “दादा, डीजे बंद ठेवला तर लोकं बोलतील पोराला पोरगी पसंत नाय.” या सामाजिक सत्यापुढे विश्वजीतरावांनी मान तुकवली.

हा पेच कामोठ्यातल्या त्यांच्या सोसायटीत कळायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं फोनला स्पंज बांधा. कुणी म्हणालं आतेला बाथरूममध्ये बसवा, तिथे आवाज गोल येतो. हळद, देव आणि पाहुणे त्या बाथरूममध्ये कसे मावणार याचा विचार त्यांनी केला नव्हता. सेक्रेटरी महादेवराव म्हणाले की आवाजाच्या तक्रारी लेखी द्याव्यात. खरा सल्ला दिला तो वरच्या मजल्यावरच्या भावेशनं. भावेश शहा घरातून परदेशी क्लायंटांशी बोलत असे आणि कानांवर सतत दोन काळी भजी लावल्यासारखे हेडफोन घालत असे.

“अंकल, नॉइज कॅन्सलिंग घ्या. आता विमानं सुरू झालीत ना, डोक्यावरून जातात, मला कळत पण नाय. आणि क्लायंट पण काही बोलत नाय. नॉइज डायरेक्ट कॅन्सल.”

'डायरेक्ट कॅन्सल' हे शब्द विश्वजीतरावांच्या मनात घर करून बसले. आयुष्यात त्यांना कॅन्सल करावंसं वाटणारं बरंच काही होतं, पण त्यासाठी यंत्र निघालंय हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

हेडफोन मागवले. ते आधी शेजारच्या सेक्टरमधल्या त्याच नंबरच्या बिल्डिंगमध्ये गेले, तिथल्या एका घरतांनी ते उघडून पाहिले, आपल्या डोक्याला घट्ट होतात म्हणून परत दिले, आणि मग ते योग्य घरतांपर्यंत पोचले. विश्वजीतरावांनी ते चढवून बटण दाबलं. पंखा गेला. खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा गेल्या. समोरच्या इमारतीचं ड्रिलिंग गेलं. प्राजक्ताताई समोर उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या, त्यांचा नुसता हात हलताना दिसत होता. लग्नघरात इतकी शांतता विश्वजीतरावांनी कधी अनुभवली नव्हती. त्यांनी चाचणी म्हणून मिक्सर लावला. मिक्सरही गेला!

“पप्पा, रेकॉर्ड करून बघा ना एकदा,” समृद्धीनं त्यांच्या हेडफोनचा एक कान उचलून सांगितलं.

“अगं, आवाज कानातच येत नाही, तर फोनमध्ये कुठून जाणार?”

यावर समृद्धीनं काहीतरी उत्तर दिलं, पण तोवर त्यांनी कान पुन्हा बसवला होता.

काशिरामच्या मांडवात विश्वजीतराव सफारी घालून गेले. फोनच्या रेकॉर्डिंगला कपडे लागत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, पण काम महत्त्वाचं होतं. नवऱ्यामुलाच्या पाटाशेजारी आते बसली होती, भोवती बायका. विश्वजीतरावांनी तिच्यासमोर खुर्ची टाकली, फोन तिच्या दिशेनं धरला, हेडफोन चढवले आणि मान हलवून खूण केली, म्हणजे आता हरकत नाही. आतेनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग ती गायला लागली.

डीजे चालू होता. विश्वजीतरावांच्या पोटात तो धडधडत होता, खुर्चीच्या पायातून वर येत होता; पण कानांत त्याचा नुसता दूरचा घुमारा होता आणि त्याच्यावरून आतेचा आवाज बारीक तरंगत येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज होता! त्यांनी भावेशला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

थोड्या वेळानं तर कमालच झाली. घुमारा साफ थांबला. पोटातली धडधडही थांबली. विश्वजीतरावांना वाटलं, यंत्र आता तापून पूर्ण ताकदीनं कामाला लागलंय. प्रत्यक्षात लाइट गेली होती. उजेड अजून होता, त्यामुळे दिव्यांवरून कळायची सोय नव्हती. आणि नीलेश जनरेटरशी झोंबत होता तो मांडवामागे. त्या शांततेत आते गातच होती. विश्वजीतरावांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. डोळे उघडून पाहिलं तर सगळ्या बायका त्यांच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. काशिरामही हसत होता. आपल्या सफारीमुळे किंवा उपकरणामुळे मंडळी खूश झाली असावीत, असं समजून त्यांनी सगळ्यांना अंगठा दाखवला. त्यावर मांडव कोसळेल इतका हशा पिकला. तोही त्यांना अर्धाच ऐकू आला.

रेकॉर्डिंग त्यांनी घरी बाल्कनीत एकट्यानं ऐकलं, तेही हेडफोन लावून. सुरुवातीपासून डीजे. नुसता डीजे. आतेचा आवाज त्यात शोधणं म्हणजे पनवेलच्या एसटी स्टँडवर पडलेलं नाणं शोधण्यासारखं होतं. फोनच्या कानाला कसल्याही वाट्या लावलेल्या नव्हत्या, त्यानं इमानानं सगळं ऐकलं होतं. विश्वजीतरावांनी ताबडतोब कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला.

“सर, गाणं ऐकताना आवाज येतोय का?” तिकडून एका मुलीनं विचारलं.

“ऐकताना नाही. रेकॉर्डिंगमध्ये आलाय.”

“सर, हेडफोन ऐकण्यासाठी असतात.”

“मग कॅन्सल काय होतं?”

“तुमच्यासाठी होतं, सर. बाकी सगळ्यांसाठी चालूच राहतं.”

पोरगी समजुतीनं बोलली, पण हे वाक्य विश्वजीतरावांना उगाचच लागलं. तिनं तक्रार नोंदवून घेतली आणि त्यांच्या समाधानाला किती तारे द्याल म्हणून विचारलं.

ते पुढे ऐकत राहिले. आणि एकदम डीजे थांबला. काचेसारखा स्वच्छ आतेचा आवाज कानात आला, आणि देवांची नावं आत्ता कुठे सुरू होत होती.

*मांडवा दारी बोलवा गो, पैला बोलवा गनराज*
*मांडवा दारी बोलवा गो, एकवीरा आई आज*

विश्वजीतराव उठून उभे राहिले. देवांमागून देव येत होते, मग पितर, मग काशिरामच्या घरची माणसं. समृद्धीची हळद वाचली होती! मग आतेनं जरा श्वास घेतला.

*मांडवा दारी कोन गो आयलाय, विश्वा पावना आयलाय*
*कानांवर वाट्या लावून गो, खुर्चीत बसून ऱ्हायलाय*
*आतेला सुपारी द्याला गो, इसरून कसा गेलाय*
*पोरीचं लगीन काढून गो, मोबाइलवर निरोप धाडलाय*

त्याच्यामागून तो हशा आला. या वेळी पूर्ण ऐकू आला.

विश्वजीतरावांनी रेकॉर्डिंग बंद केलं. सोसायटीत गणपतीला निवेदन करणारा माणूस, ऑफिसात ज्याच्या सहीशिवाय कंटेनर हलत नाही असा माणूस, आणि त्याचं नाव देवांच्या आणि पितरांच्या रांगेत, वाट्यांसकट! घरात त्यांनी एवढंच सांगितलं की देवांपर्यंतचं नीट आलंय, पुढे डीजे आहे. तो भाग कापून टाकायचा त्यांनी प्रयत्न केला, पण कापायचं अ‍ॅप वर्गणी मागायला लागलं. मग त्यांनी ठरवलं, देव होईपर्यंत वाजवायचं आणि विश्वा यायच्या आत बोटानं थांबवायचं. त्यानंतर हळदीच्या दिवसापर्यंत त्यांनी ते पुन्हा ऐकलं नाही.

समृद्धीच्या हळदीला त्यांनी डीजे आणला नाही. सूडच होता तो, पण 'साधेपणा' या नावाखाली खपला. पनवेलच्या बाहेर हायवेलगतचं लॉन घेतलं होतं. संध्याकाळी समृद्धी पाटावर बसली, पिवळ्या साडीत, हात गुडघ्यांवर, समोर हळदीची वाटी. विश्वजीतरावांनी छोटा स्पीकर स्टुलावर ठेवला, फोन जोडला, आणि घसा खाकरला. त्याच क्षणी शेजारच्या लॉनमध्ये डीजे सुरू झाला. मुहूर्ताचे दिवस, तिकडेही हळद होती. कुंपणावरून पाहिलं तर नीलेश. त्यानं ओळखीचा हात केला.

छोटा स्पीकर गात असावा, कारण त्याचा दिवा लुकलुकत होता. ऐकू मात्र काही येत नव्हतं. कुणीतरी कुंपणापाशी जाऊन नीलेशला ओरडून सांगितलं. त्याला काय ऐकू आलं देव जाणे, त्यानं आवाज वाढवला. समृद्धी बापाकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती हळदीची वाटी जरा लांब सरकवली.

“चाल माला येते रं, शबुद येत नाय,” विश्वजीतरावांची शांतीकाकू म्हणाली. भोवतीच्या बायकांचंही तेच होतं. ध्रुवपद सगळ्यांना येत होतं, नावांची रांग कुणालाच नाही.

तेव्हा प्राजक्ताताईंनी आपल्या पर्समधून हेडफोन काढले. ते त्यांनी का आणले होते हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. “हे घाला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ऐका आणि सांगा.”

विश्वजीतरावांनी हेडफोन चढवले, फोन त्यांना जोडून गाणं मागे नेलं आणि बटण दाबलं. नीलेश गेला. आते आली. त्यांनी पहिली ओळ ऐकली आणि मोठ्यानं म्हटली. शांतीकाकूनं ती चालीत उचलली, बायकांनी तिच्यामागे. गणराज आले, एकवीरा आली. काशिरामच्या पितरांच्या जागी समृद्धीचे पितर बसवले, त्याच्या पोराच्या जागी समृद्धी बसवली. पुरुषानं धवला सांगायचा नसतो, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. समृद्धीनं वाटी पुन्हा जवळ ओढली.

मग आतेनं तो श्वास घेतला. विश्वजीतरावांना तो श्वास ओळखीचा होता. त्यांचं बोट फोनवर गेलं. त्यांनी बायकांकडे पाहून हातानंच 'संपलं' अशी खूण केली.

शांतीकाकूनं त्यांचा एक कान उचलला. “संपला नाय अजून. धवला अर्ध्यावर सोडत नाय. बोलावलेले देव दारातच ऱ्हातात.”

तिनं कान सोडून दिला. समृद्धी त्यांच्याकडे बघत होती. विश्वजीतरावांनी बोट काढलं.

“मांडवा दारी कोन गो आयलाय,” त्यांनी ओरडून सांगितलं, “विश्वा पावना आयलाय!”

कानांवर हेडफोन असले की माणसाला आपला आवाज समजत नाही. त्यातून नीलेशच्या दोन गाण्यांमधली पोकळी नेमकी तेव्हा आली. 'कानांवर वाट्या लावून' हे दोन्ही लॉन्सनी ऐकलं. 'आतेला सुपारी द्याला इसरून कसा गेलाय' हे हायवेपर्यंत गेलं असावं. बायकांनी ती कडवी जास्तच प्रेमानं उचलली. बाकी माणसांची सगळी नावं बदलावी लागली होती. हे एकच जसंच्या तसं चाललं. व्याही मंडळी टाळ्या देत होती, भावेश फोन वर धरून शूटिंग करत होता, आणि समृद्धी पाटावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

आता ते बंद करणार इतक्यात आते पुढे गायला लागली. हा भाग विश्वजीतरावांनी ऐकलेला नव्हता.

*विश्वाचे मांडवी गो, माजं येनं नाय*
*समृद्धी माजे बाय गो, रुसू नको माय*

विश्वजीतरावांचं तोंड उघडलं, पण ओळ बाहेर आली नाही. लाइट गेलेल्या त्या मांडवात, ते सगळ्यांना अंगठा दाखवून पुन्हा डोळे मिटून मान डोलवत असताना, आते त्यांच्या फोनकडे बघून हे गात होती. ते इतके दिवस त्यांच्या खिशात होतं. आपल्या अपमानापाशी थांबून आपण केवढा मूर्खपणा केला, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं आणि त्यांना रडू आलं.

“पुढं? पुढं बोल ना!” शांतीकाकू हातवारे करत होती.

विश्वजीतरावांनी ओळ मागे घेतली, हेडफोन काढले आणि समृद्धीच्या कानांवर ठेवले. तिनं दोन्ही हातांनी ते दाबून धरले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग खाली मान घालून, त्याच झोपेच्या चालीवर, तिनंच बायकांना सांगितलं:

*हितूनच लावते हलद गो, तुजे गालाला*
*आतेआजीची हाक पोचू दे, तुजे कानाला*

“लावा हळद,” ती म्हणाली.

हळद हेडफोनलाही लागली. घाईत ते काढायचे राहिले आणि त्यांच्या काळ्या उशा पिवळ्या झाल्या त्या कायमच्या. विश्वजीतरावांनी मदत क्रमांकावर विचारून पाहिलं. हळद वॉरंटीत बसत नाही.

लग्न पार पडल्यावर ते आतेकडे गेले. या वेळी पेढे नव्हते. तबकात पान आणि सुपारी होती. त्यांनी ते तिच्यापुढे ठेवलं.

“आता कोनाचं लगीन?” आतेनं तबकाला हात लावला नाही.

“कोनाचं नाय.”

“मंग?”

विश्वजीतरावांनी पिशवीतून पिवळे हेडफोन काढून तिच्या कानांवर बसवले आणि भावेशनं घेतलेलं शूटिंग लावलं. त्यात नीलेशचा डीजे होताच. आतेनं कपाळाला आठ्या घालून बराच वेळ ऐकलं.

“ह्यो मधीच कोन वरडतंय?” तिनं विचारलं. वाट्यांमुळे तीही ओरडूनच बोलत होती.

“मी.”

तिला ते ऐकू आलं नाही, पण त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं असावं. ती पुन्हा ऐकत राहिली. शांतीकाकूची चाल कुठे चुकली तिथे तिनं मान हलवली, आणि समृद्धीचा आवाज आला तेव्हा मान हलवायची थांबली.

“बरा वरडलास,” ती म्हणाली, आणि तबकातली सुपारी उचलून तिनं कनवटीला लावली.